लाल डाव्या अंगाला, हिरवा उजव्या

(धरणाचं पाणी. दिवस बुडून अंधार पडलाय, अवस आहे. पाण्याच्या मधोमध इंजनाच्या नावेत श्रीमंत आणि त्याची बायको विठाबाई.)

विठाबाई : दिवे का मालवले?

श्रीमंत : हळू बोल. पाण्यावर आवाज लांब जातो.

विठाबाई : म्या काय इचारलं? दिवे का मालवले?

श्रीमंत : चोराला दिसू ने म्हणून. तीनदा जाळं उचललंय त्यानं. लांबून आपला लाल-हिरवा दिसला की पळतंय बेनं. आज बिलकुल अंधारात बसायचं. इंजन बी बंद.

विठाबाई : आन् पल्याडच्या गावचं कुणी आलं तर? त्याला काय सपान पडणार हाय, हितं नाव हुबी हाय म्हणून?

श्रीमंत : अवसंच्या अंधारात कोण येतंय मरायला?

विठाबाई : बाबूदादा बी असंच म्हणायचा.

श्रीमंत : झालं. काढलंस भावाचं.

विठाबाई : काढणारच. त्याच्या नावंला दिवा न्हवता, समोरच्याच्या बी न्हवता. इंजनाच्या पंख्यानं मनगटापासनं हात नेला. आज भाकर मोडून द्यायला वैनी लागती त्याला.

श्रीमंत : त्यो जोरात चालला हुता. आपण तर हुबं हाव.

विठाबाई : हुब्या नावंचा तर आवाज बी न्हाय. नाव चालवायचं शिकवायला आलेला सायब काय म्हणला? डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा, मागं काठीवर पांढरा. दिवस बुडला की लागलेच पायजेत.

श्रीमंत : सायबाचं जाळं चोरीला जात न्हाय.

विठाबाई : गप. ऐका जरा.

श्रीमंत : काय?

विठाबाई : इंजन वाजायलंय.

श्रीमंत : व्हय की. आपल्या जाळ्याकडनंच यायलंय. त्योच हाय, विठे. घावला.

विठाबाई : दिवा दिसना त्याचा.

श्रीमंत : चोर काय दिवा लावून येतंय? तू सबुर कर. पार जवळ आला की तोंडावर बॅटरी मारतो. एकदा तोंड तर बघू दे.

विठाबाई : आवाज वाढायलाय.

श्रीमंत : वाढू दे.

विठाबाई : अवं, सरळ आपल्यावर यायलंय! बटन कुठाय?

श्रीमंत : हात लावू नको! पळून जाईल त्यो!

विठाबाई : सोडा माझा हात!

श्रीमंत : विठे, थांब म्हणतो ना—

विठाबाई : मरू आपण! सोडा! ...लागले. लागले दिवे!

श्रीमंत : वळला! उजवीकडं वळला! आयला, हातभरावनं गेला.

विठाबाई : नाव धरा, कलंडायलीय! काठ धरा!

श्रीमंत : त्याचं इंजन बंद पडलं. पाण्यात काय पडलं ते?

विठाबाई : माणूस पडला.

बलभीम : श्रीमंता! पाय... जाळ्यात पाय अडाकलाय!

श्रीमंत : कोण? बलभीम?

विठाबाई : अगं बाई, भावजी?

श्रीमंत : बलभ्या, तू? भिंतीला भिंत लावून ऱ्हातो आपण! सकाळी माझ्या दारात चहा पिलास की रं!

बलभीम : खाली वढायलंय... श्रीमंता...

विठाबाई : बघत काय बसलाव? बुडायलंय ते!

श्रीमंत : सुरी दे. बॅटरी पाण्याकडं धर. उतरतो म्या.

विठाबाई : कडंकडंनं जावा! तुमचा पाय गुतवू नका!

श्रीमंत : बलभ्या, हलू नको. हलू नको म्हणतो! जितकं हलशील तितकं आवळंल.

बलभीम : तुझं जाळं हाय... नवं हाय...

श्रीमंत : कुणाचं हाय ते मला ठावं हाय. पाय दे.

विठाबाई : कापा लवकर! तोंडात पाणी चाललंय त्याच्या!

श्रीमंत : कापायलोय. एक सुटला. दुसरा दे... विठे, सुटला! वढ त्याला!

विठाबाई : हात द्या, भावजी. दोन्ही द्या. छाती टाका काठावर. हां, आलाव. अवं, आता तुमी बी या वर.

बलभीम : लाल-हिरवा दोन्ही संगट दिसलं... कळलं, तोंडावर आलोय. उजवीकडं घेतलं, तर जाळं घसरून पंख्यात गेलं. संगट म्या.

श्रीमंत : आन् दिवं दिसलं नसतं तर?

बलभीम : वैनी बसल्यात न्हवं, तिथनंच आरपार गेलो असतो.

विठाबाई : अवं, असं का बघायलाव माझ्याकडं?

श्रीमंत : तुझा हात दाबून धरला हुता म्या. दिवा लावू ने म्हणून.

विठाबाई : सुटला की पर.

बलभीम : श्रीमंता, तुझी नाव भरून यायची. माझी रिकामी. बघवंना मला.

श्रीमंत : मागायचं हुतंस.

बलभीम : मागायची लाज वाटली. चोरायची न्हाय वाटली, बघ.

श्रीमंत : तुझी नाव कुठं गेली?

बलभीम : तिथं वाहत चाललीय. असू दे, उजाडल्यावर बघू.

श्रीमंत : उजाडल्यावर? रिकामी नाव अंधारात सोडून जायची व्हय? अजून कुणी येत असंल. दोर घे, मागं बांधू तिला. आन् ही बॅटरी तिच्या मागल्या काठीला बांध, पेटती.

बलभीम : बांधतो. ...आन् गावात काय सांगशील?

श्रीमंत : गाठ नीट मार आधी.

विठाबाई : दोघं बी कुडकुडायलाव. सरका जवळ. घोंगडी एकच हाय.