चौथी दुमड

नाय दादा, खोटा हाय. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, आता तिसऱ्यांदा पिशवीतून काढलात म्हणून खरा होणार हाय का तो? बसा, त्या पेटीवर बसा, लष्कराचीच पेटी हाय, मोडायची नाय. चहा सांगू? नको? बरं, नको तर नको. पुण्याहून एवढ्या लांब आलात, कुणी तरी सांगितलं असंल — चौक गावात जुन्या रस्त्याला एक म्हातारी हाय, ती लष्करी पट्ट्याला नुसता हात लावते नि साल सांगते. सांगते की. खोटं कशाला बोलू, चाळीस वर्षं तेच केलं. म्हणून तर म्हणते, हा खोटा. नवा बनवलेला, जुना दिसावा म्हणून चहाच्या पाण्यात बुडवलेला. कुणी तरी फसवलं तुमाला. वाईट नका वाटून घेऊ, भले भले फसतात. घरी नेऊन तरी काय करणार? इथंच टाकून जा. एखादा टेंपोवाला येतो, सामान बांधायला पट्टा मागतो, त्याला देऊन टाकीन. उलट ह्याच्या बदल्यात त्या खोक्यातला एक चांगला घेऊन जा, तुमी निवडाल तो. काय नको मला वर.

पटत नाय तुमाला. डोळ्यांवरून कळतंय. थांबा, हे तीन बघा, मंग बोला. हा रुंद — चार बोटं मावतात की नाय आडवी? हा पहिल्या लढाईच्या वेळचा. मंग दुसऱ्या लढाईच्या आधी पट्टा अरुंद झाला, हा असा, तीन बोटं. ह्यातला विलायती कुठला नि आपल्याकडं विणलेला कुठला ते डोळे मिटून सांगायचं. विलायतीची वीण घट्ट, कड सरळ, नख फिरवलं तर कुठं अडत नाय. आपल्याकडच्याचं सूत जाड, वीण ढिली, कडेला थोडा वाकडातिकडा. पितळेच्या बकलाला मागून बोट लावा — विलायतीचं गुळगुळीत, आपलं खरबरीत, घाईघाईत ओतलेलं. लढाई चालू होती, गुळगुळीत करायला वेळ कुणाला होता? आतल्या अंगाला शिक्का. सरकारी मालाचा बाण, बाणाजवळ इंडियाचा आय, खाली साल. नि हा हिरवा, भोकं असलेला — हा लढाईच्या शेवटाला आला, जंगलात लढणाऱ्यांसाठी, लवकर वाळावा म्हणून हलका. तरी सगळ्यात फसवणारा कुठला? हा तीन बोटांचाच. कारण स्वातंत्र्यानंतर पण आपल्या लष्करानं हाच साचा कितीतरी वर्षं चालवला. नुसतं रूप बघून चालत नाय. हात लावायचा, वास घ्यायचा. मला हे कुणी शिकवलं? आमच्या मालकांनी. लिलावातून गोणी यायची, पुढ्यात ओतायचे नि म्हणायचे, येसू, डोळे मीट, सांग. चुकलं की हसायचे. पहिलं वर्षभर नुसते हसतच होते.

आता तुमचा घ्या. सूत जाड, बरोबर. बकल खरबरीत, बरोबर. शिक्का — रंग धुतलात तुमी? म्हणून दिसला, नायतर खाकी रंगाखाली दडून होता. बाण, आय, त्रेचाळीस साल. सगळं बरोबर हाय, नाय कोण म्हणतंय? खोटं करणारा पण तेवढं बरोबरच करणार ना. तो चुकतो कुठं ते मी दाखवते. उलटा करा. पाठीमागं दोन तिरकी बकलं हायत, खांद्याचे पट्टे अडकवायची. डाव्या बकलाची शिवण बघा. दोरा निळा. ही काडी घ्या. एक सुटा धागा बाहेर आलाय, त्याला लावा. हळू. झाली की नाय गोळी? सुताचा धागा जळला की त्याची राख होते, कागद जाळल्याचा वास येतो. हा वितळला. म्हणजे नायलॉन. आता त्रेचाळीस साली नायलॉनच्या दोऱ्यानं पट्टे कोण शिवत होतं, सांगा मला? झालं. निकाल लागला. ठेवा इथं.

काय म्हणता? उजवीकडची शिवण सुताची हाय? हां — असंल. बाकी सगळी सुताची हाय, फक्त डावं बकल... तुमी लई बारीक बघता हो. कुणी तरी मागाहून शिवली असंल. फाटली की माणूस शिवतोच. गोणीचा हूक अडकला, टरकन फाटली, पावसाळ्याचे दिवस, मोची येईना, मंग तांदळाच्या पोत्याचं तोंड शिवायचा दोरा नि दाभण घेऊन बसलं कुणी — असं म्हणते मी. असं झालं असंल. मला काय माहीत? मी काय तिथं होते का?

दुकान जुनंच हाय, हो. एक्सप्रेस-वे नव्हता तेव्हा इथं उभं राहायला जागा नसायची. ट्रकवाले कमरेला बांधायला पट्टे न्यायचे, डोंगरावर जाणारी कॉलेजची पोरं पिशव्या न्यायची, पिच्चरवाले एकदम पन्नास शिपायांचं सामान भाड्यानं न्यायचे नि नेमकं पंचेचाळीस जणांचं परत आणायचे. आता दिवसात एक माणूस आला तरी लई. परवा दोघं आले, त्यांना पंक्चरवाला पाहिजे होता. मुलगा हरेश तिकडं घणसोलीला असतो, कंपनीत. म्हणतो, आई, शटर भाड्यानं देऊ, मोबाईलवाला तयार हाय. हर्षला, मुलगी, पोशीरला दिलीय, ती म्हणते माझ्याकडं ये. जाते मी, चार दिवस राहते. पण तिथं कोण पट्टे दाखवणार मला? इथं निदान पेट्या तरी उघडून बसता येतं. असू द्या. तुमचं सांगा. कितवा पट्टा हा तुमचा? फोटो हाय? बघू. वा. काचेच्या मागं, वर दिवा, खाली चिठ्ठी, तिच्यावर साल नि जागा. माणसं बघायला येतात? शाळेची पोरं पण? बरं हाय. चांगलं हाय ते. किती सरळ लावलेत पण. एकाला सुरकुती नाय. काय करता असं?

वाफेची इस्त्री?

नाय. तसं नाय करायचं. अहो, सुरकुती म्हणजे घाण हाय का धुऊन टाकायला? एवढं शिकलात, एवढी पुस्तकं बघितलीत नि पट्ट्यावरचं सगळ्यात मोठं लिखाण पुसून टाकता? शिक्का सांगतो कुठं विणला. बकल सांगतं कधी ओतलं. नि माणूस? माणूस कोण सांगणार? ह्या पट्ट्याची दोन्ही टोकं बकलातून आत दुमडतात, आतल्या घरांत हूक अडकतो. माणसाची कंबर जेवढी, तेवढ्यावर दुमड. वर्ष, दोन वर्षं तिथंच घातला की दुमड कायमची बसते, जन्मात जात नाय. मी गोणीतला पट्टा हातात घेतला की सांगायचे, हा तीस इंचाचा, कोवळा पोरगा होता. हा बेचाळीसचा, हा बंदूक घेऊन धावला नसंल, हा भटारखान्यात होता. मालक म्हणायचे, आमची बाई शिंप्याच्या वरची हाय. नि तुमी त्याच्यावर इस्त्री मारणार. ह्याच्यावर पण मारणार होतात ना? ह्याला तर चार दुमडी हायत.

तीन नाय, चार. मोजा. ही अडतीसची, सगळ्यात खोल, सूत पांढरं पडलंय बघा. ही छत्तीस. ही चौतीस. नि चौथी डोळ्याला नाय दिसायची, बोटानं बघा, चौतीसच्या आत दीड इंचावर. बोट हळू न्या. लागली? ती जेमतेम अकरा दिवसांची हाय, म्हणून बसली नाय नीट.

असं काय बघता?

मी बोलले ना अकरा दिवस. बोलले. आता तोंडातून गेलं ते गेलं.

त्यांचा हाय तो. आमच्या मालकांचा. गोणी उचलायचे ना, पाठ धरायची, म्हणून कमरेला कायम हा. लुंगी असो, पँट असो, वर हा पट्टा. आमचं लग्न झालं तेव्हापासून अडतीस. माणसाची कंबर वयानं वाढते, ह्यांची वाढली नाय, अडतीस म्हणजे अडतीस. मंग छत्तीस झाली. मी काय म्हटलं? मी म्हटलं, बरं झालं, पोट उतरलं. चौतीस झाली तेव्हा ते म्हणाले, येसू, तुझ्या भाजीला चव राहिली नाय, जेवण कमी झालंय. मी चिडले. दोन दिवस बोलले नाय त्यांच्याशी. भाजीवरून. अख्ख्या दुनियेचे पट्टे चाचपून मी मेलेल्या शिपायांच्या कंबरा सांगत बसले होते, नि माझ्या डोळ्यांपुढं हा माणूस एकेक घर आत सरकत होता, मला दिसलं नाय. त्यांनी लपवलं म्हणा. शर्ट सैल घालायचे वरून. पण मला लपवून चालंल का? माझा तर धंदाच तो. पनवेलला नेलं तेव्हा डॉक्टरनी विचारलं, वजन कधीपासून उतरतंय? काय सांगू? चौथी दुमड मीच घातली. दवाखान्यात जायच्या दिवशी त्यांच्या हाताला जोर नव्हता, हूक अडकंना. मी अडकवला. एकतीसला पण ढिला होत होता, तरी मी साडेबत्तीसलाच ठेवला नि आत रुमाल घातला — किती वाळलेत ते लोकांना कळायला नको म्हणून. अकरा दिवस. मंग दवाखान्यातून पट्टा परत आला.

विकला कुणी? मीच. हरेशला दोष देऊ नका, त्यानं नाय विकला. दिवस झाले, कपडे वाटले, पट्टा मी ठेवला. नि माझ्या मनात आलं, मळलाय, घाम हाय, ह्याला नीट करून ठेवावा. नीट करायचं म्हणजे आमाला काय येतं? धंद्यात जे करतो तेच. धुतला, वाळवला, खाकी रंगाची वडी ओली केली नि फडक्यानं अख्ख्या पट्ट्यावर चढवली. चांगली जाड. मनापासून केलं हो, त्यांच्यासाठी केलं. नि सुकायला बाहेर टाकला त्याच दोरीवर, जिथं किरणच्या ऑर्डरचे बारा पट्टे सुकत होते. तो वाशीचा किरण, जुन्या मालाचा व्यापारी, न्यायला येणार होता. रंग चढल्यावर सगळे एकसारखे. मी तेरातले बारा उचलले, गठ्ठा बांधला, दिला. एकदा नुसतं बोट फिरवलं असतं तरी कळलं असतं. पण त्या दिवसांत बोटांत जीव नव्हता माझ्या. संध्याकाळी दोरीवरचा उरलेला हातात घेतला — तीसची कंबर. कुणाचा तरी, कुठल्या तरी पोराचा. किरणकडं गेले, तोवर त्यानं पुढं चौघांना विकले होते. तीन वर्षं झाली. येईल त्या माणसाचा पट्टा मी उलटा करून डावं बकल बघते. तुमी मघाशी पिशवीतून काढलात ना, तेव्हा निळा दोरा दिसला मला. म्हणून म्हटलं, खोटा. खोटं मी बोलले. पट्टा अस्सल हाय, दादा.

नाय, ठेवा. देऊ नका मला. मघाशी मागत होते, लबाडी करून मागत होते, खरं हाय. आता नको. का म्हणजे? माझ्यापाशी राहिला तर पेटीत राहील. मी रोज काढीन, बोट फिरवीन, ती चौथी दुमड महिन्यात पुसून जाईल. मंग एक दिवस मी नसेन, मोबाईलवाला येईल, पेट्या भंगारात जातील. हरेशला अडतीस नि साडेबत्तीस काय कळणार? तुमच्याकडं दिवा हाय, काच हाय. पोरं बघायला येतात म्हणालात. तिथं राहू दे. माणसांत होते ते कायम, त्यांना एकटं बसायची सवय नव्हती. मला आता झालीय.

फक्त इस्त्री मारू नका. नि निळा दोरा काढू नका, वेडावाकडा असला तरी. जरा थांबा — एकदाच द्या हातात.

हां. घ्या.

चिठ्ठी कशी लिहाल? लिहा — त्रेचाळीस साल, इंडियाचा. मंग खाली लिहा, अडतीस, छत्तीस, चौतीस, साडेबत्तीस. एवढंच. कुणी विचारलं तर सांगा, नाय विचारलं तर नका सांगू. नाव? नाव पण घालता तुमी वापरणाऱ्याचं? नाव मी कंदी घेतलं नाय त्यांचं, चाळीस वर्षांत नाय, आता काय घेऊ. बाहेर पाटीवर हाय. पहिलं अक्षर उडालंय, पण उन्हात नीट उभं राहिलं की वाचता येतं. जा, वाचून घ्या. नि तसंच पुढं निघा, परत आत येऊ नका. माझी जेवणाची वेळ झाली, शटर ओढते मी.