चौकड्यांचं फडकं

—नाही, नाही, त्या पलीकडच्या कठड्यावर नको, तिथल्या आजीबाई झाडू घेऊन धावतात, इकडेच बसा. कावळा असलात म्हणून काय झालं, आज पाहुणे आहात. काका म्हणतो तुम्हाला, चालेल ना? नाहीतरी दिवसभर स्वतःच तेच ओरडत असता. तर काका, पान तुमच्यासमोर आहे — खीर, वडे, भोपळ्याची भाजी, अळू, आमसुलाची चटणी. अळूसाठी सुनेत्रा लिटल इंडियापर्यंत जाऊन आली. सुनेत्रा म्हणजे माझी बायको, ती काय दाराआड उभी आहे, भुकेने पार वैतागलेली. माझ्या बाबांचं श्राद्ध आहे आज. तुम्ही घास घेतल्याशिवाय आम्हाला जेवता येत नाही, आणि तुम्ही आपले मान वाकडी करून माझ्याकडे बघताय. अहो, सिंगापुरात, या बुकित बातोकमध्ये अकराव्या मजल्यावर दुसरा कावळा कुठून पैदा करू मी? तुमच्या जातीमागे इथे सरकारी माणसं बंदुका घेऊन लागलीत, तरी आलात, उपकार झाले. पण आलात तर खा ना!

नाही खात. ठाऊकच होतं. तीन वर्षांपूर्वी पुण्यात दहाव्याला तुमच्या भाऊबंदांनी हेच केलं. ओंकारेश्वरला पंधरा-वीस कावळे नुसते रांगेत बसून होते, जसं काही माझी मुलाखत घ्यायची होती. सगळ्यांनी शब्द दिले — आईला सांभाळू, फ्लॅट विकणार नाही, गार्गीला मराठी शिकवू. गार्गी माझी लेक. तिचं मराठी ऐकाल तर तुम्ही खरंच शिवणार नाही. शेवटी गुरुजींनी घड्याळ बघितलं, दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावून मोकळे झाले. डमी कावळा! बाबांना चालला असता का डमी? छे! सतरा चुका काढल्या असत्या त्याच्यात.

कारण त्यांचं दैवत कोण, तर पेंब्रिज. आर्थर पेंब्रिज. नाही ऐकलंत? कुणीच नाही ऐकलं, आमच्या घरात मात्र गणपतीच्या शेजारी त्याचा फोटो. इंग्रज माणूस, लढाई संपल्यावर बापाच्या कोंबड्यांच्या खुराड्यात स्वतःची रेसची गाडी बांधली. पहिल्याच शर्यतीत इंजिनातून पिसं उडाली म्हणे. पुढे स्वतःची टीम काढली. मालक झाल्यावर पहिलं काम काय केलं? ड्रायव्हर पेंब्रिजला कामावरून काढलं, वेळेवर येत नाही म्हणून. मग दुसरा कुणी मिळेना म्हणून पुन्हा स्वतःलाच ठेवून घेतलं, पण महिनाभर मालक आणि ड्रायव्हर एकमेकांशी बोलत नव्हते. हसताय काय? बाबा हे डोळ्यांत पाणी आणून सांगायचे. बँकेतला साधा कारकून, आयुष्यात चारचाकीच्या स्टिअरिंगमागे बसला नाही, आणि पेंब्रिजच्या गिअरबॉक्सची काळजी करत रात्र रात्र जागायचा. माझी दहावीची टक्केवारी विचारली असती त्यांना, तर आईकडे बघितलं असतं.

आज इथे संध्याकाळी गाड्यांची मोठी रेस आहे, मरीना बेच्या रस्त्यांवर. नेमकी पितृपक्षात. बाबा असते तर म्हणाले असते, बघ मुकुल, योग्य लोकांनी तारीख ठरवलीय.

पण पेंब्रिजची खरी गोष्ट पुढेच आहे. एकदा तो पहिला आला. आयुष्यात एकदाच! आणि झेंडेवाला नेमका चहा प्यायला गेलेला. शेवटची फेरी झाली की तो काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा झेंडा हलवतात ना, तो हलवायला जाग्यावर कुणी नाही. झेंडा नाही म्हणजे शर्यत संपली नाही — की हा पठ्ठ्या निघाला पुढच्या फेरीला. मग आणखी एक. बाकीचे घरी गेले, बक्षीस भलत्यालाच दिलं, बँडवाले पेट्या आवरायला लागले, आणि हा आपला फिरतोय! पेट्रोल संपलं तेव्हा थांबला. लोक म्हणाले, अरे वेड्या, संपली होती शर्यत. तर म्हणाला, मला कुणी सांगितलं?

हे वाक्य बाबांनी उचललं. बँकेतून स्कूटरवर आले की मी गेटपाशी हे — हे बघा, हेच — स्वयंपाकघरातलं चौकड्यांचं फडकं हलवायचं, तेव्हा ते उतरायचे. फडकं दिसलं नाही तर कॉलनीला आणखी एक चक्कर. एकदा मी तापाने फणफणलेलो, आई हळदीकुंकवाला गेलेली. बाबा फिरतायत, फिरतायत. समोरचे देशपांडे म्हणाले, चारुदत्त, किल्ली हरवली का? शेवटी पेट्रोल संपलं, स्कूटर ढकलत आले, आणि माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणाले, झोप तू, मला कुठे घाई आहे.

काय? हो, फडकं सकाळपासून हातातच आहे. वडे तळून झाले ना, हात पुसायला... तुम्ही असं बघू नका. आत गार्गीसुद्धा तेच म्हणतेय, "डॅडी, जस्ट वेव्ह इट लाह!" तिला काय, भूक लागलीय. ओंकारेश्वरलाही खिशातच होतं. एक झटका दिला असता तर त्या पंधरा-वीस कावळ्यांनी मिळून फडशा पाडला असता, कळतं मला! इंजिनिअर आहे मी, मूर्ख नाही. पण मग? मग उतरतील ना बाबा. स्कूटर स्टँडला लावतील आणि संपलं. आत्ता कसं, फिरतायत कुठेतरी, येतील एक फेरी मारून, पुढच्या भाद्रपदात पुन्हा पान मांडीन... त्यांना कुठे घाई आहे? मलाही नाही. सुनेत्रा, थांब जरा, बोलतोय मी!

तुम्ही जा काका. जा हो, नका शिवू, मी पोरीला नूडल्स आणून देतो खालून. पुढच्या वर्षी या. बसलाय काय असे खिळल्यासारखे? हुश! हुश! जा म्हणतो ना, हुश—

अहो! अहो, वड्याला कशाला — मी उडवत होतो तुम्हाला! हात हलला नुसता, फडकं आपलं हातात होतं म्हणून, हा काही झेंडा नव्हे, मी काही...

खाल्लात?

सुनेत्रा. पानं वाढ.