नऊ संचालक आणि एक काँप्युटर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या दूध संघाचे माजी चेअरमन आदरणीय सुंदरराव आबा, मंचावरचे संचालक, पाटोद्यातले आणि आसपासच्या गावांतून आलेले सभासद, माय-बहिणी, आणि आज निवृत्त होणाऱ्या आमच्या काँप्युटर ऑपरेटर जाहेदा आपा, आपणा सर्वांना या जुन्या मॅनेजरचा, उत्तरेश्वरचा नमस्कार. मला पाच मिनिटं दिलीत. माझा स्वभाव ठाऊक हाय, तेव्हा चहा आत्ताच सांगून ठेवा.

दोन हजार तीनचा दुष्काळ आठवतो का? संघाची चारा छावणी, बाराशे जनावरं. दर सोमवारी पाचच्या आत जनावरांची यादी तहसीलला पोचवायची. यादी न्हाई, तर मंगळवारी चाऱ्याच्या गाड्या न्हाईत.

त्या सोमवारी दुपारी दोनला यादी छापायला घेतली, तर काँप्युटरच्या पडद्यावर पाटी आली: मेमरी अपुरी, काही प्रोग्रॅम बंद करा. आपा छावणीत नवी जनावरं मोजायला गेलत्या. मग मी काय करावं? मशीनमधली तीन वर्षांची जुनी पत्रं पुसून टाकली. टेबलफॅन मशीनकडं वळवला. आबा, हसू नका, तो फॅन तुमच्याच केबिनमधला होता. चार वेळा बंद-चालू केलं, पाटी तीच. दारात छावणीतली भिवराबाई उभी. म्हणाली, "सायेब, कालपासून गाईनं कडब्याचं चिपाड बघितलं न्हाई. उद्या गाडी येईल न्हवं?" मी म्हणालो, येईल. अन् पाचव्यांदा मशीन बंद-चालू केलं.

साडेतीनला आपा आल्या, बघितलं अन् म्हणाल्या, "साहेब, तुमी गोडाऊन झाडलंत. जागा टेबलावर पायजे." साठवलेलं सगळं गोडाऊनमध्ये, चालू असलेलं सगळं टेबलावर, आणि आपल्या जुन्या मशीनचं टेबल अगदीच चिमुकलं. त्यावर बसलं होतं कोण? आपले नऊ संचालक! काँप्युटर आला तेव्हा प्रत्येकानं हट्ट धरला, चालू करताच माझंबी कायतरी दिसलं पायजे. आबांचा लुकलुकत्या हारातला फोटो, अर्जुनरावांचं पंचांग, कुणाची आरती, कुणाचं घड्याळ, धोंडीरामांचा तर पडद्यावर फिरणारा पोपट. मशीन उघडलं की नऊही जण आपोआप हजर. एवढी हजेरी मासिक बैठकीला कधी न्हवती.

मी म्हणालो, एखादं बंद करा. आपांनी विचारलं, "कुणाचं?" आता बोला. संघाची निवडणूक दोन महिन्यांवर. मी नऊही नावं बोटांवर मोजून बघितली. शेवटी म्हणालो, "करा तुमच्या मनानं." मशीन उघडताच आपोआप चालू होणाऱ्यांच्या यादीतून आपांनी नऊच्या नऊ काढले, पहिला आबांचा. मशीन पुन्हा चालू केलं. प्रिंटरनं असा काही खडखडाट लावला की मी चक्क नाचलो. यादी न्यायला पाशाभाई टेंपो घेऊन उभे होते, त्यांनी बघितलंय. पाचला दहा कमी असताना यादी पोचली. मंगळवारी गाड्या आल्या, भिवराबाईची गाय खाऊन बसली.

गुरुवारी बैठक. आबांनी विचारलं, "माझा फोटो कुणी काढला?" आपा उभ्या राहिल्या. "मी." माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई. आणि मी? मी छताकडं बघत बसलो. वर त्यांना समजपत्र लिहिलं, की वरिष्ठांना न विचारता केलं. अहो, वरिष्ठ शेजारीच नाचत होता. त्या पत्रापायी आपांचं नोकरीत कायम होणं दोन वर्षं लांबलं. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाला सांगितलं न्हाई. मला लई लाज वाटते, आज चारचौघांत सांगतो.

ते पत्र मागं घेतल्याचा हा कागद. संचालक मंडळानं ठराव केलाय, माझी सही झाली. त्या पत्रावर दुसरी सही आबांची होती, म्हणून इथंही लागते. आबा, उठू नका, बसल्या जागीच करा. हं, झाली.

आयोजकांचे आभार, आपण शांतपणे ऐकलंत त्याबद्दल ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. पण आपा, त्या पत्राची माफी सभेनं देऊन चालायचं न्हाई. ती तुमच्याकडं मागतो. आज न्हाई दिलीत तरी चालंल, मी पाटोद्यातच हाय.