बुरुलचा-एजे आणि चौथं हेड

सभाध्यक्षा आदरणीय शाअरबूबू इसाकोव्हना, आमच्या छापखान्याचे संचालक असानाली शारशेनोविच, ओशच्या अंधशाळेतून एवढा घाट ओलांडून आलेल्या भूगोलाच्या शिक्षिका झीनागुल-एजे, व्यासपीठावरचे इतर मान्यवर, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आम्हा सगळ्यांच्या थोरल्या ताई, बुरुलचा-एजे, आणि समोर बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो! तुमच्यातल्या निम्म्यांना मी दिसतो आहे, निम्म्यांना नाही. पण चुकीचं बोललो तर ते सगळ्यांनाच कळेल, याची जाणीव ठेवून मी उभा आहे.

मी उलारबेक. एकवीस वर्षं या छापखान्यात ब्रेलची मुद्रितं तपासतो. जन्मापासून आंधळा. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेतो, त्यामुळे माझे मित्र कमी आहेत. (हसा, हसा. चहा येईपर्यंत वेळ आहे.)

बुरुलचा-एजे आपल्याकडे आल्या तेव्हा त्यांच्याकडे एकच विद्या होती, बाजारातल्या टपरीत घड्याळं दुरुस्त करण्याची. घड्याळं कोणी घालेनासं झालं आणि त्या आपल्या मोठ्या मशीनपाशी येऊन बसल्या. दोन मीटर रुंदीचं ते मशीन कागदावर, पत्र्यावर, प्लास्टिकवर पारदर्शक शाईचे थरावर थर चढवतं, दिव्यानं वाळवतं, आणि बोटाला लागेल असा उठाव तयार होतो. डोंगर, नद्या, सीमा, ब्रेलची अक्षरं. मशीन बाकी कितीही मोठं असो, सगळं काम करतात ती त्याच्या पोटाखालची शाई उडवणारी चार हेडं, दोन उठावाची आणि कमी दिसणाऱ्यांसाठी दोन रंगाची. प्रत्येक हेडाला केसाहून बारीक शेकडो भोकं. त्यातली काही बुजली की ठिपका पडत नाही.

आणि ठिपका न पडणं म्हणजे काय, हे डोळस मित्रांना सांगायला हवं. चार वर्षांपूर्वी अंधशाळांसाठी देशाच्या नकाशांचा संच छापायचा होता. पहिलं मुद्रित माझ्या हाती आलं. मी बोट फिरवलं आणि विचारलं, "एजे, ही मारिन नदी कुठली?"

"मारिन नाही रे, नारिन."

"इथे मारिन आहे."

एका अक्षरातला पाचवा ठिपका पडला नव्हता. तेवढ्यानं आपल्या सगळ्यात मोठ्या नदीचं नाव बदललं. वर तलास शहराचं सलास झालं होतं. ज्या मुलांनी नकाशा कधी पाहिला नाही, त्यांनी तेच पाठ केलं असतं.

दोन हेडं मेली होती. नवीन मागवायला गेलो, तर कळलं की तसली हेडं बनवणंच बंद झालं आहे. तेव्हा याच इमारतीत बैठक झाली. असानाली शारशेनोविच म्हणाले, "बुरुलचा, मशीन भंगारात काढू. नकाशे पुढच्या वर्षी बघू."

एजे म्हणाल्या, "मशीनला काय झालंय? हाडं ठणठणीत आहेत. डोकं तेवढं बदलायचंय."

"पण या मशीनला बसणारं डोकं जगात मिळत नाही ना!"

"मग न बसणारं आणा. बसवते मी."

या वाक्यावर बैठकीत कोणीतरी हसलं होतं. कोण, ते आवाजावरून मला माहीत आहे. सांगत नाही.

दुसऱ्याच कुठल्या जातीची, लांबीनं आखूड आणि रुंदीनं जास्त अशी चार हेडं ग्वांगझोउहून आली. त्यांच्यासाठी खालची पट्टी नव्यानं कापायची, नवं सर्किट, नव्या तारा, शाईच्या नव्या नळ्या, आणि प्रत्येक हेडाला त्याचा त्याचा विजेचा दाब. एजेंना चिनी येत नाही, इंग्रजी येत नाही. त्या चित्रं बघून शिकल्या. आणि सगळ्यांना दम दिला, "माझ्या टेबलाला हात लावाल तर घरी बिनबोटांचे जाल!"

मला खास बोलावून सांगितलं, "उलारबेक, तुला तर मुद्दाम सांगते. इतर लोक बघून समाधान मानतात. तुझं तसं नाही."

इथपर्यंतचं सगळ्यांना माहीत आहे. पुढचंही तुम्हाला वाटतं की माहीत आहे. फेब्रुवारीत हेडं बसवताना चौथं हेड मेलेलं निघालं. बुरुलचा-एजेंनी ते नीट हाताळलं नाही, त्यांच्याकडून निष्काळजीपणा झाला, असा शेरा त्यांच्या फाईलमध्ये गेला. छापखान्याच्या वर्धापनदिनी दीर्घ सेवेचं पदक ज्या सात जणांना मिळालं, त्यात त्यांचं नाव नव्हतं, ते या शेऱ्यामुळे. त्या दिवशी त्यांच्या शेजारी मीच बसलो होतो. त्या टाळ्या वाजवत होत्या. मनापासून वाजवत होत्या. टाळी खोटी असली की मला कळते.

आता पाणी मिळेल का? ...आभारी आहे.

तर, ते हेड मी जाळलं.

थांबा, बोलू द्या मला. दुपारच्या जेवणाची सुट्टी होती. सगळे पुलाव खायला खाली गेले होते. मी एजेंच्या खोलीत गेलो. टेबलावर चार पाकिटं होती. सहा महिने मी हेड हा शब्द ऐकत होतो. त्याच्या चुका रोज बोटांनी वाचत होतो, आणि ते असतं कसं हे आख्ख्या इमारतीत मला एकट्यालाच माहीत नव्हतं. तुम्ही सगळ्यांनी ते पाहिलं होतं. मलाही पाहायचं होतं, एवढंच. मी एक पाकीट उघडलं. थंडगार, जड, काडेपेटीपेक्षा थोडं मोठं. एका कडेला सोन्यासारखे गुळगुळीत, बारीक दात. त्या दातांवर बोट ठेवलं आणि चटका बसला. छोटासा, थंडीत दाराच्या कडीला हात लावल्यावर बसतो तसा. अंगात आईनं विणलेला लोकरीचा स्वेटर होता. त्या स्वेटरमधली वीज त्या हेडात गेली, हे मला नंतर समजलं. पण काहीतरी गेलं, हे तेव्हाच समजलं होतं. मी पाकीट होतं तसं बंद केलं आणि खाली जाऊन पुलाव खाल्ला. सगळा.

दुसऱ्या दिवशी हेड मेलेलं निघालं. संचालकांनी विचारलं, "कोणी हात लावला होता?" मी दाराशीच उभा होतो. तोंड उघडणारच होतो, तेवढ्यात एजे म्हणाल्या, "माझ्याच हातून झालंय. अंगातली वीज उतरवणारा हातातला पट्टा न बांधता उघडलं मी."

मी गप्प बसलो. एकदा गप्प बसलो की दुसऱ्या दिवशी बोलणं अवघड होतं, आणि चार वर्षांनी तर किती, ते आता बघताच आहात.

काय म्हणालात, एजे? मोठ्यानं बोला, मागे ऐकू जात नाही.

...ऐकलंत? त्या म्हणतात, "मला तेव्हाच कळलं होतं. रोज सकाळी 'झालं का, झालं का' करत डोकं खाणारा माणूस त्या दिवशी दाराच्या आत आला नाही."

मग बोलला का नाहीत?

...त्या म्हणतात, "तुला काढलं असतं, तर माझे ठिपके वाचले कोणी असते?"

मित्रांनो, खरं सांगतो, हे उत्तर मी आज पहिल्यांदाच ऐकतो आहे.

ठिपक्यांचं मात्र खरं आहे. चार हेडांची तीन उरली. एजेंनी रंगाचं एक हेड काढून उठावाच्या जागी लावलं आणि रंग दोन फेऱ्यांत छापायचं ठरवलं. काम दुप्पट लांबलं. मग हेडं एका रेषेत आणण्याचं काम. भिंगातून त्यांना रेषा सरळ दिसायची, पण उठाव बरोबर आहे की नाही ते भिंग सांगत नाही. त्यांनी मला बोलावलं. मी दारातूनच म्हणालो, "नको, एजे."

"ये म्हणते ना! हेडाला नको लावू, कागदाला लाव."

मार्च, एप्रिल, मे. त्या छापायच्या, मी वाचायचो. "डावीकडून तिसरी ओळ केसभर खाली आहे." त्या स्क्रू एवढासा फिरवायच्या. "आता?" "आता वर गेली." "तुझ्या नानाची टांग!" पुन्हा स्क्रू. बावीस मेला मी बोट फिरवलं आणि म्हणालो, "नारिन." त्या म्हणाल्या, "पुन्हा वाच." "नारिन, एजे. आणि वर तलास." त्यांनी मशीनच्या झाकणावर दोनदा थाप मारली, आपण घोड्याच्या मानेवर मारतो तशी.

एक सप्टेंबरला नकाशे शाळांत पोचले. महिन्याभरानं झीनागुल-एजेंच्या वर्गातल्या एका मुलीचं ब्रेलमध्ये पत्र आलं. एकच ओळ होती, "मी सगळा नकाशा शोधला, माझं गाव त्यात नाही, असं का?" मी घाबरत वाचून दाखवलं. बुरुलचा-एजे खूश! म्हणाल्या, "अरे, सगळा नकाशा शोधला म्हणतेय! म्हणजे सगळा वाचता आला." पुढच्या आवृत्तीत ते गाव घातलं. आज त्याच रीतीनं बदललेली आणखी दोन मशीनं आपल्याकडे चालतात, आणि ओशच्या शाळेत एक छोटं मशीन येतं आहे. निवृत्तीनंतर आराम करायचं सोडून एजे ते उभं करायला चालल्या आहेत. त्या मुलीनं आता शाळा संपवली असून मुद्रितं तपासायला ती तिथेच बसणार आहे. झीनागुल-एजे, तिला एवढंच सांगा, की एजे हेड हातात देतील. पट्टा बांधून देतील. मलाही त्यांनी नंतर दिलं होतं.

आता एक कामाची गोष्ट, आणि मी बसतो. काल मानपत्राची ब्रेल प्रत तपासणीला माझ्याकडे आली. त्यात एक वाक्य आहे, "फेब्रुवारीतील एक निष्काळजीपणा वगळता त्यांची सेवा निर्दोष आहे." अध्यक्ष महोदया, मुद्रिततपासनीस म्हणून मला या वाक्यातले पहिले चार शब्द चूक आढळले आहेत. ते गाळावेत, अशी सूचना मी मांडतो.

...संचालकसाहेब म्हणतात, "गाळ. आणि तुझ्या फाईलमध्ये घाल."

घालतो, साहेब. आजच घालतो.

सभाध्यक्षांनी मला ठरल्यापेक्षा जास्त वेळ दिला, तुम्ही सगळ्यांनी निमूट ऐकून घेतलं, त्याबद्दल मी ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. आणि आणखी एका आगाऊपणाबद्दल आधीच माफी मागून ठेवतो. परवानगीची वाट न पाहता ते चारही शब्द मी कालच नखानं दाबून सपाट केले आहेत. एजे, मानपत्र हातात आलं की तिथे बोट फिरवून पाहा. कागद अगदी गुळगुळीत लागेल.