आबांनी भरलेली दुसरी डबी

आता विचारलंच आहेस तर सांगते, ही मातीची डबी मी उघडत का नाही. खगोलजीवशास्त्राच्या उन्हाळी शाळेत माझी निवड झाली होती. मंगळासारख्या कोरड्या मातीत जीव कसे तगतात ते बघायचं, म्हणून प्रत्येकाने आपल्या भागातल्या पडीक जमिनीची माती आणायची होती. मी पुण्यात. म्हणून धरणगावला वडिलांकडे, आबांकडे, दोन डब्या धाडल्या आणि बजावलं, "हात लावू नका, आहे तशी भरा."

शाळेत आबांची डबी उघडली, तर माती पिठासारखी चाळलेली आणि वर कडुनिंबाचा पाला! आमच्याकडे दादर ज्वारीच्या कोठीत घालतात तसा. सगळे हसले, नमुना बाद झाला. मी फोनवर आबांना बापाला बोलू नये ते बोलले.

ते हळूच म्हणाले, "चार लोकस्मा जानार व्हती ना माटी, बेटा. किडा नको पडाले म्हनीसन पाला टाका. मी दुसरी भरसू."

"आता नको," म्हणून मी फोन ठेवला.

दिवाळीच्या आत आबा गेले. घर आवरताना ही डबी सापडली. हलवली की आत खडे वाजतात. वर चिठ्ठी, "हात लावेल नही." म्हणजे हात लावलेला नाही.

त्या शाळेत शिकवलं होतं, कितीही जपलं तरी भरणाऱ्याच्या हातावरचे जंतू नमुन्यात उतरतात. तिथे तो दोष धरतात. ही उघडली तर माझ्या हातावरचेही त्यात मिसळतील.

तो दोष आबांकडून झालेला असू दे, एवढंच मी मागते.