बाटलीतला उजेड

(सीबीडी बेलापूरमधली एक प्रयोगशाळा. दुपार.)

रावसाहेब : पर मला कशाला बोलावलंस? जुईनगरचा स्टुडिओ बंद करून आठ महिने झाले. आता समदे मोबाईलवरच फोटो काढत्यात.

दीक्षा : पप्पा, गॉगल काढू नका, लेझर चालू आहे. स्क्रीनकडे बघा. हा कॅमेरा बेंगळुरूहून तीन आठवड्यांसाठी आणलाय. आज पाचला परत जाणार, आणि माझ्याकडे धड एक चित्र नाही.

रावसाहेब : ह्यो कशाचं चित्र काढतो?

दीक्षा : उजेड चालताना. ही आडवी ठेवलेली पाण्याची बाटली. दुधाचे दोन थेंब टाकलेत, म्हणजे आतला उजेड दिसतो. या टोकातून लेझरचा एक झटका सोडायचा. त्या टोकाला पोचायला एका सेकंदाचा अब्जावा भाग लागतो. तेवढ्यात हा शेकडो चित्रं घेतो.

रावसाहेब : मंग बिघडलं काय?

दीक्षा : हे बघा. एक ठिपका नीट पुढे जातोय. पण मागून हा दुसरा, अंधुक. प्रत्येक वेळी! सर म्हणतात, कॅमेऱ्यातच प्रॉब्लेम असेल. झालं, माझी पीएचडी वर्षभर पुढे.

रावसाहेब : कॅमेऱ्याला नावं ठेवू नगं. ही चकाकी हाय.

दीक्षा : कसली?

रावसाहेब : चष्मेवालं गिऱ्हाईक बसलं की काचेत फ्लॅश चमकायचा. मी म्हनायचो, मान जराशी खाली घ्या. तसंच हाय हे. उजेड काचेवरनं टेबलावर आपटतोय आन् माघारी येतोय. टेबल बघ की, आरशावानी!

दीक्षा : टेबल तर पहिल्या दिवसापासून हेच आहे.

रावसाहेब : म्हनून तर पहिल्या दिवसापासनं तरास हाय. ते लेझर बंद कर. तुझी काळी ओढणी दे.

दीक्षा : ही? साधी कॉटनची आहे.

रावसाहेब : चांगलंच की, चमकत नाय. बाटलीच्या खाली आन् मागं पसर. आता बाटली जरा तिरपी कर. लई झालं. माघारी घे. आजून थोडी. बास, हात काढ.

दीक्षा : सोडते हं. ...पप्पा!

रावसाहेब : एकच हाय.

दीक्षा : एकच आहे! मागे काहीच नाही. बघा ना, कसा चाललाय!

रावसाहेब : उजेड असा जातो व्हय? चाळीस वर्षं ह्याच्यावरच पोट भरलं, पर चालताना कधी बघितला नव्हता. पुन्यांदा लाव.

दीक्षा : थांबा, आधी सरांना दाखवून येते.

(ती जाते. थोड्या वेळाने परत येते.)

दीक्षा : सरांनी बेंगळुरूला फोन केला. कॅमेरा सोमवारपर्यंत इथेच राहतोय! आणि उद्या वेगळ्या काचेची बाटली लावायचीय. मांडणीला तुम्ही याल का, विचारतायत.

रावसाहेब : मला इचारलं?

दीक्षा : तुम्हालाच. काय सांगू?

रावसाहेब : दहाला येतो म्हनावं. दाढी करून येतो.