बिसी-बेळे-हुळी-ॲसिड

नाही, पण मला सांगा, एका रेणूला एक नाव पुरू नये? बारशाला ठेवावं, तसं साधं, सुटसुटीत? छे! त्याच्या एका टोकाला अल्कोहोल, मध्ये कीटोन, दुसऱ्या टोकाला ॲसिड, आणि तिघंही म्हणणार, नाव माझंच! तुम्हाला सांगतो, मी रत्नाकर भाते, साताऱ्याचा, एकसष्ट साली बंगलोरच्या एका सरकारी प्रयोगशाळेत लागलो आणि वर्षभर या नावांनी मला सुखाचा घास गिळू दिला नाही! आमचे साहेब गुरुराज, पिढ्यान्‌पिढ्या बंगलोरचे, पण घरी मराठी. माझी वही बघितली की सुरू, "स्वल्प थांबा हो भाते! तिघांना शेपूट कसं लावता? शेपूट एकालाच!"

म्हणजे काय, तर त्यातला जो थोरला, त्याचं नाव शेवटी. बाकीच्यांनी नाव बदलून मुकाट्यानं पुढं जायचं. अल्कोहोलचं हायड्रॉक्सी, कीटोनचं ऑक्सो... आता मला सांगा, कुणाला का दुखवा? मी सगळ्यांनाच शेपटं लावायचो! आणि साहेब परत, "शेपूट एकालाच!"

बरं, हे नुसतं वहीपुरतं असतं तर चाललं असतं हो! पण वर्ष संपताना साहेब तोंडी परीक्षा घेणार, पास झालो तर नोकरी पक्की, आणि नोकरी पक्की झाली तरच कल्पनाशी लग्न पक्कं, असं तिच्या वडिलांनी पोस्टकार्डावर कळवलेलं! उघड्या पोस्टकार्डावर! अख्ख्या टपालखात्याला ठाऊक, की भात्यांचं लग्न ॲसिडात अडकलंय!

मल्लेश्वरममध्ये पद्मावतीअक्कांकडं मी राहायला, जेवणासकट. परीक्षेच्या दिवशी सकाळी त्यांनी वाफाळतं काहीतरी पानात वाढलं, मी आपला एक घास घेऊन म्हणालो, "अक्का, आमटीभात झकास!"

झालं! पळी हवेतच. "आमटीभात? अहो, हे बिसी बेळे हुळी अन्ना! बिसी म्हणजे गरम, बेळे डाळ, हुळी आंबट, अन्ना भात."

"मग भात आधी म्हणा की!"

"असं कसं? गरम आहे, डाळ आहे, चिंच आहे, पण मुळात आहे काय? भातच की! म्हणून तो शेवटी. बाकीचे पुढं!"

अहो, घास तोंडातच राहिला! वर्षभर साहेब घसा कोरडा करत होते ते अक्कांनी पळीनं वाढलं! तेवढ्यात त्या तूप घेऊन आल्या आणि मला ओलांडून सरळ त्यांच्या यजमानांकडं, नरसिंहरावांकडं! मी म्हटलं, "आणि मी?" तर म्हणतात, "वाढायला सुरुवात थोरल्यांपासून. सरी?" सरी म्हणजे बरोबर. सरी काय अक्का, एकदम सरी!

परीक्षेत साहेबांनी फळ्यावर पाच कार्बनची साखळी काढली. तेच ते तिघं! डावीकडं अल्कोहोल, मध्ये कीटोन, उजवीकडं ॲसिड... डोळ्यांसमोर पोस्टकार्ड! आणि मी ओरडलो, "अन्ना!"

"कुठला अण्णा?" साहेब दाराकडं बघायला लागले.

"भात, सर! ॲसिड म्हणजे भात! थोरलं तेच, शेपूट त्यालाच, कार्बन मोजायचे त्याच्यापासून! पाचवर हायड्रॉक्सी, तीनवर ऑक्सो, म्हणून पाच-हायड्रॉक्सी-तीन-ऑक्सो-पेंटॅनॉइक ॲसिड!"

झालं! साहेब जे हसायला लागले, ते चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत! पास झालो हो! पक्का!

पण त्या दिवसापासून प्रयोगशाळेत मी रत्नाकर राहिलो नाही. लग्नात साहेबांचा आहेर आला, वर ठळक अक्षरात, 'श्री. बिसी-बेळे-हुळी-रत्नाकर भाते'. सगळा मांडव हसतोय! मी कल्पनाला ऐटीत म्हणालो, "हसू देत! नियम माहीत आहे? पुढं कितीही जण येऊ देत, थोरला शेवटी. शेपूट एकालाच!"

तिनं पुडक्यावरचं नाव नीट वाचलं. म्हणाली, "अहो, पण शेवटी तर भाते आहे. तुम्हीसुद्धा पुढंच गेलात की! आणि भाते म्हणाल, तर आजपासून मीच..."

मग काय! गेलो पुढं, मुकाट्यानं!